सपाटपणाला साक्ष कोणाची?

मेकॅनिकल सीलमध्ये पाणी, तेल किंवा आम्ल अडवण्याचे मुख्य काम दोन रिंगा करतात. एक पंपाच्या शाफ्टबरोबर फिरते, दुसरी ग्लँड प्लेटमध्ये स्थिर असते आणि स्प्रिंग एकीला दुसरीवर दाबून धरते. एक बहुधा कार्बन-ग्रॅफाइटची असते, दुसरी सिलिकॉन कार्बाइड किंवा टंगस्टन कार्बाइडची. त्यांच्या समोरासमोरच्या बाजूंना कारखान्यात ‘फेस’ म्हणतात. हे फेस लॅपिंग करून इतके सपाट केलेले असतात की पंप चालू असताना त्यांच्यात उरणारी फट एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

पण द्रवाला बाहेर पडायला एवढी एकच वाट नसते. फिरती रिंग स्लीव्हवर बसते, स्लीव्ह शाफ्टवर, स्थिर रिंग ग्लँड प्लेटच्या खाचेत आणि ग्लँड प्लेट पंपाच्या सील चेंबरवर. या प्रत्येक सांध्यातून गळती होऊ शकते, म्हणून प्रत्येक ठिकाणी ओ-रिंग किंवा गॅस्केट असते. ओ-रिंग ज्या धातूला टेकते त्या धातूचा पृष्ठभाग कसा असावा, हा सीलच्या हार्डवेअरच्या फिनिशचा विषय. फेसचे जेवढे लाड होतात तेवढे या पृष्ठभागांचे होत नाहीत. फेस डबीतून मऊ कागदात गुंडाळून येतात. शाफ्ट मात्र बेंचवर पडलेला असतो आणि त्याच्यावर पाना ठेवायलाही कोणी मागेपुढे पाहत नाही. गळतीचा माग काढत गेले, की गाडी अनेकदा याच दुर्लक्षित जागी येऊन थांबते.

तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या पंपांच्या सीलसाठी ‘एपीआय ६८२’ हे मानक वापरतात. त्यात या पृष्ठभागांसाठी दोन आकडे दिलेले आहेत. ओ-रिंग जागची हलणार नसेल तर खडबडीतपणा आर-ए १.६ मायक्रॉनपर्यंत चालतो. ती पुढेमागे सरकणार असेल तर ०.८ मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. याशिवाय ओ-रिंग आत शिरताना कापली जाऊ नये म्हणून तोंडाशी चॅम्फर हवा, वगैरे अटी आहेत. जुन्या ड्रॉइंगवर आकडे नसत, उलटे त्रिकोण असत. एक त्रिकोण म्हणजे ओबडधोबड, दोन म्हणजे बरे, तीन म्हणजे ग्राइंडिंग केलेले. त्रिकोण असोत वा आकडे, दोन्हींच्या मागे तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न उभा आहे. गुळगुळीतपणा हा वस्तूचा स्वतःचा गुण आहे, की मोजणाऱ्याच्या साधनाचा आणि हेतूचा? आणि पूर्ण सपाट पृष्ठ जगात कुठेच नसेल, तर ‘हे सपाट नाही’ असे तरी कशाच्या आधारावर म्हणायचे?

मराठी भाषेने या प्रश्नाच्या पहिल्या भागाचा निवाडा केव्हाच केलेला दिसतो. नदीतला गोटा गुळगुळीत असतो, पाणी नितळ असते, सफरचंद तुकतुकीत असते, घासून घासून आणलेली झिलई घोटीव असते. इंग्रजीत ज्यासाठी एक शब्द पुरतो तिथे मराठीला चार लागतात. कारण हे शब्द पृष्ठभागाबरोबरच तो तसा कसा झाला आणि कशासाठी आहे हेही सांगतात. स्वयंपाकघरातला पाटा तर आणखी पुढची गोष्ट सांगतो. वर्षानुवर्षे वाटण वाटून पाटा गुळगुळीत झाला की तो निकामी ठरतो. खोबरे आणि मिरची त्यावरून नुसती सरकतात. मग टाकी आणि हातोडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसाकडून तो टाकवून घेतात. म्हणजे त्याच्या अंगावर पुन्हा बारीक खड्डे पाडून घेतात आणि त्यासाठी पैसेही मोजतात. पाट्याच्या बाबतीत उत्तम फिनिश म्हणजे खरखरीत फिनिश. ओ-रिंगखालच्या स्लीव्हच्या बाबतीत प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे, पण जातीने तेच आहे.

आर-ए हा आकडा कसा निघतो ते पाहिले की गुंता उलगडू लागतो. हिऱ्याचे टोक असलेली एक बारीक सुई पृष्ठभागावरून सरळ रेषेत ओढतात. सुई डोंगरावर चढते, दरीत उतरते आणि यंत्र त्या चढउताराचा आलेख काढते. आलेखाच्या मधून एक मध्यरेषा आखतात, त्या रेषेपासूनची सगळी अंतरे वर-खाली असा भेद न करता मिळवतात आणि सरासरी काढतात. ही सरासरी म्हणजे आर-ए. सीलच्या हार्डवेअरसाठी लागणाऱ्या टापूत नमुन्याची लांबी बहुधा ०.८ मिलिमीटर घेतात आणि असे पाच नमुने सलग मोजतात. सुईच्या टोकाची त्रिज्या सामान्यतः २ किंवा ५ मायक्रॉन असते. त्याहून अरुंद दरी असेल तर सुई तिच्या तळाला पोचतच नाही आणि ती दरी आकड्यात पुरती उतरत नाही. नमुन्याची लांबी बदलली की आकडा बदलतो, कारण मोठ्या लांबीत लाटांसारखे सौम्य चढउतारही पकडले जातात. सुई बदलली तरी आकडा बदलतो. पृष्ठभाग मात्र तोच असतो.

त्याहून मोठी अडचण ‘वर-खाली असा भेद न करता’ या शब्दांत आहे. सपाट पठारावर इकडेतिकडे खोल विहिरी असलेला पृष्ठभाग आणि सपाट मैदानावर टोकदार सुळके असलेला पृष्ठभाग, दोघांचा आर-ए एकच येऊ शकतो. पहिला ओ-रिंगला सुखाने टेकू देतो आणि विहिरींत थोडे वंगणही धरून ठेवतो. दुसरा ओ-रिंगला कानसेसारखा खातो. सरासरीला या दोघांतला फरक दिसत नाही. अ‍ॅबट आणि फायरस्टोन यांनी १९३३ मध्ये मांडलेला वक्र याच उणिवेवरचा उतारा आहे. पृष्ठभाग वरून थोडाथोडा घासत नेला तर कोणत्या पातळीला किती टक्के धातू टेकण्यासाठी मिळेल, हे तो दाखवतो.

दिशा हा तिसरा मुद्दा, आणि प्रत्यक्ष कामात सगळ्यात महत्त्वाचा. लेथवर फिरवून काढलेल्या स्लीव्हवर टूलच्या खुणा परिघाच्या दिशेने असतात. द्रवाला बाहेर पडायचे ते शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे या खुणांना आडवे. प्रत्येक खूण त्याच्या वाटेतला बांध होते. याच स्लीव्हवर कोणी एमरी पेपर लांबीच्या दिशेने ओढला, तर आर-ए सुधारेल आणि गळती वाढेल, कारण आता प्रत्येक ओरखडा ओ-रिंगच्या खालून जाणारा पाट झालेला असतो. अनुभवी फिटर म्हणूनच स्लीव्ह हातात घेतल्यावर यंत्राकडे जाण्याआधी अंगठ्याचे नख लांबीला आडवे, परिघाच्या दिशेने फिरवून पाहतो. नख कुठे अडकले तर तिथे लांबीच्या दिशेचा ओरखडा आहे आणि तो स्लीव्ह बाद. या परीक्षेला आकडा नाही. तरी तिला जे कळते ते आर-एला कळत नाही.

जैन तर्कशास्त्राने ‘नय’ म्हणून जी कल्पना मांडली ती येथे कामाला येते. वस्तूला अनेक अंगे असतात आणि कोणतेही विधान त्यांतल्या एका अंगाकडून केलेले असते. ते खोटे नसते, अपुरे असते. म्हणून ‘एका अपेक्षेने’ असा अर्थ देणारे ‘स्यात्’ हे पद विधानाला जोडण्याचा आग्रह स्याद्वाद धरतो. ‘स्लीव्ह ०.८ चा आहे’ हे विधान नेमके या जातीचे आहे. अमुक सुईने, अमुक लांबीवर, अमुक दिशेने मोजले असता, एका अपेक्षेने, तो ०.८ चा आहे. ड्रॉइंगवर खडबडीतपणाच्या चिन्हाशेजारी नमुन्याची लांबी आणि खुणांची दिशा लिहायची सोय आहे. ती जागा बहुतेक वेळा रिकामी असते.

आता स्पर्शाकडे. दोन पृष्ठे ‘टेकतात’ म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाने ग्रीकांनाही सतावले होते आणि भारतीयांनाही. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘मेटाफिजिक्स’च्या तिसऱ्या खंडात प्रोटागोरसचा एक आक्षेप नोंदवला आहे. भूमितीवाले सांगतात की वर्तुळ सरळ रेषेला एकाच बिंदूत स्पर्श करते. पण खरे कडे खऱ्या पट्टीला एका बिंदूत टेकत नाही. भूमितीची वर्तुळे जगात सापडत नाहीत, असा त्याचा रोख होता. वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यांनी आदर्श आकृती बाजूला ठेवून स्पर्शाचीच चिरफाड केली. दोन द्रव्ये एकत्र येणे म्हणजे ‘संयोग’, आणि संयोग हा त्यांच्या मते एक स्वतंत्र गुण आहे. त्यांच्यातल्या प्रशस्तपादाने त्याचे तीन प्रकार सांगितले. पहिला दोघांपैकी एकाच्याच हालचालीने होणारा, जसा ससाणा खांबावर येऊन बसतो. दुसरा दोघांच्या हालचालीने होणारा, जसे दोन एडके टक्कर घेतात. तिसरा एका संयोगातून उपजणारा दुसरा संयोग: हात झाडाला लागला म्हणजे शरीर झाडाला लागले. स्प्रिंगने पुढे ढकललेली रिंग स्थिर रिंगवर येऊन टेकते तो संयोग सरळसरळ ससाण्याचा.

पण वैशेषिकांचा खरा कामाचा शोध पुढे आहे. संयोग ‘अव्याप्यवृत्ती’ असतो असे ते म्हणतात. म्हणजे तो ज्या वस्तूत राहतो तिला सगळीकडून व्यापत नाही. याचे ठरलेले उदाहरण झाडावरच्या माकडाचे आहे. माकडाचा झाडाशी संयोग फांदीच्या ठिकाणी आहे, बुंध्याशी नाही, आणि तरीही संपूर्ण झाडाविषयी ‘माकड झाडावर आहे’ हे विधान खरे आहे. एकाच वस्तूत एकाच वेळी संयोग आहे आणि नाहीही, आणि यात विरोध नाही.

घर्षणाचे विज्ञान विसाव्या शतकात स्वतःच्या वाटेने याच निष्कर्षाला आले. बाउडन आणि टेबर यांच्या १९५० च्या ग्रंथाने ही गोष्ट रूढ केली की दोन धातू एकमेकांवर ठेवले तर दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी लहानसा अंशच खरोखर टेकलेला असतो. शिखरे शिखरांना भिडतात, बाकी सगळी पोकळी. घर्षणाचे बळ दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून का नसते, याचे उत्तर यातूनच मिळाले. आर्चर्डने १९५७ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. त्याच्या प्रतिमानात प्रत्येक उंचवट्यावर लहान उंचवटे आहेत आणि त्यांवर आणखी लहान. अशा पृष्ठभागावर ‘खरा स्पर्श कुठे?’ असे विचारत खाली गेले तर प्रत्येक पायरीवर उत्तर आक्रसत जाते. न्यायशास्त्राच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, याला अनवस्था, म्हणजे अंत नसलेली साखळी, म्हटले असते. ओ-रिंगचे सगळे कौशल्य यात आहे की ती या प्रश्नाच्या वाटेलाच जात नाही. रबर मऊ असल्याने दाबाखाली ते शिखरांना कवेत घेते आणि दऱ्यांत उतरते. आर-ए १.६ मायक्रॉनच्या पृष्ठभागावरच्या दऱ्या ते सहज भरून काढते. टेफ्लॉन तेवढे लवचीक नसते, म्हणून टेफ्लॉनची वेज किंवा व्ही-रिंग बसवायची असेल तर धातूचा फिनिश आणखी बारीक मागतात. आकडा धातूसाठी लिहिलेला असतो, पण तो ठरतो जोडीदाराच्या स्वभावावरून.

फेसच्या बाबतीत ही सवलत नाही. तिथे दोन्ही बाजूंना कठीण पदार्थ आहेत आणि दोघांनाही आधी सपाटच व्हावे लागते. मग प्रश्नाचा दुसरा भाग टाळता येत नाही: सपाटपणाचे प्रमाण कोणते आणि त्या प्रमाणाला प्रमाण कोणते?

हा प्रश्न नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त फार कठोरपणे विचारला आहे. तुम्ही म्हणता वस्तू प्रमाणांनी सिद्ध होतात. मग प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर त्याला अंत नाही. आपोआप म्हणाल तर इतर वस्तूंनाच ती मुभा का नाही? प्रमेयाने, म्हणजे जी जाणायची त्या वस्तूने, प्रमाण आणि प्रमाणाने प्रमेय म्हणाल, तर बाप मुलाला जन्म देतो आणि मुलगा बापाला, असला प्रकार होईल. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याच जातीच्या आक्षेपाला दिलेले उत्तर तराजूचे आहे. तराजूने सोने तोलतात तेव्हा तो प्रमाण असतो. पण तराजूचीच शंका आली तर वजन माहीत असलेल्या सोन्याने तराजू तपासतात, तेव्हा तो प्रमेय होतो. एकच वस्तू कामाप्रमाणे दोन्ही भूमिका घेते. उत्तर व्यवहाराला धरून आहे, पण नागार्जुन त्याने गप्प बसला नसता. त्या सोन्याचे वजन कोणी ठरवले, असे त्याने विचारलेच असते.

या वादात बाजू न घेता यंत्रशाळेने त्यावर तोड काढली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ व्हिटवर्थला देतात. हेन्री मॉडस्ले याच्या लंडनच्या कारखान्यात शिकलेल्या या कारागिराने १८४० मध्ये ग्लासगो येथे, ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात, खऱ्या सपाट थाळ्या कशा करायच्या यावर निबंध वाचला. पद्धत अशी. एका थाळीला रंग लावायचा, दुसरी तिच्यावर ठेवून थोडी हलवायची आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा समजून हाताने स्क्रेपरने खरवडून काढायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. रंग सगळीकडे सारखा लागू लागला की दोन थाळ्या जुळल्या.

पण जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असे नाही. एक थाळी किंचित फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असेल तरी त्या अगदी तंतोतंत जुळतात. चुलीवरचा तवा आणि त्यात बसवलेल्या दुसऱ्या तव्याची पाठ यांच्यासारखे. दोन थाळ्या एकमेकींची साक्ष देतात आणि दोघींची साक्ष खोटी असते. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोषांत मोडतो. व्हिटवर्थच्या पद्धतीत म्हणून तिसरी थाळी येते. पहिली दुसरीशी जुळवायची, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी. पहिली फुगीर असेल तर तिच्याशी जुळलेली दुसरी खोलगट असणार आणि दुसरीशी जुळलेली तिसरी फुगीर असणार. आता तिसरी पहिलीवर ठेवली की दोन फुगीर तोंडे समोरासमोर येतात, मधेच रंग लागतो आणि चोरी उघडी पडते. तिन्ही जोड्या एकाच वेळी जुळण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तिन्ही सपाट असणे.

नैयायिकांच्या यादीत दोघांच्या परस्पराधाराला अन्योन्याश्रय म्हणतात, तिघांच्या गोल फिरणाऱ्या आधाराला चक्रक, आणि दोन्ही दोषच. तर्काच्या बाबतीत ते बरोबरही आहे. तीन माणसांनी एकमेकांचा हवाला दिल्याने कोणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही. थाळ्यांच्या बाबतीत मात्र दोनाचे तीन झाले की दोषाचा गुण होतो. कारण येथे एक थाळी दुसरीला नुसता दुजोरा देत नाही, तिची चूक उलटी करून पुढे ढकलते. उंचवटा पुढच्या थाळीत खड्डा होतो, त्याच्या पुढच्या थाळीत पुन्हा उंचवटा. चूक तीन घरे फिरून परत आली की तिची स्वतःशीच गाठ पडते आणि तिला लपायला जागा राहत नाही. यासाठी आधीपासून सपाट असलेली एकही थाळी लागत नाही. तीन वाकड्या थाळ्यांतून सपाटपणा निघतो. नागार्जुनाने नाकारलेले तीन पर्याय म्हणजे अनंत साखळी, स्वयंसिद्ध प्रमाण आणि परस्पराधार. यांपैकी एकाचाही सरळ अवलंब न करता प्रमाण उभे राहिल्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे अवघड आहे.

अर्थात यातही एक मेख आहे आणि ती कारागिरांनीच पकडली. थाळीला पीळ असेल, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन खाली असतील, तर एकाच जातीचा पीळ असलेल्या तिन्ही थाळ्या एकमेकींशी खुशाल जुळतात. फुगीरपणा उलटून खोलगट होतो, पण हा पीळ पालथा घातला तरी स्वतःशीच जुळतो. तिसरा साक्षीदारही इथे त्याच कटात सामील असतो. उपाय साधा आहे: जुळवताना थाळी नव्वद अंशांत फिरवायची. उंच कोपऱ्यासमोर उंच कोपरा आला की पीळ उघडा पडतो. साक्षीदारांची संख्या वाढवून जे साधले नाही ते प्रश्न विचारण्याची दिशा बदलून साधते.

सीलच्या फेसची आजची तपासणी प्रकाशाने होते. लॅपिंग केलेला फेस स्वच्छ पुसून त्यावर काचेची सपाट चकती, म्हणजे ऑप्टिकल फ्लॅट, ठेवतात आणि हेलियम दिव्याच्या एकरंगी उजेडात पाहतात. फेसवर काळे-पिवळे पट्टे उमटतात. हे पट्टे नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे असतात. एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत उंचीत अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे ०.२९ मायक्रॉनचा फरक. पट्टे सरळ आणि समांतर असतील तर फेस सपाट. ते जितके वाकतील तितका तो वाकडा. या पट्ट्यांना बँड म्हणतात; सामान्य सीलसाठी दोन ते तीन बँडपर्यंतचा सपाटपणा चालतो. पट्टे पाहताना चकतीला हाताची ऊब लागली तरी ते सरकतात, म्हणून तपासणारा घाई करत नाही. आणि ही काचेची चकती सपाट आहे हे कशावरून? तीन चकत्या आळीपाळीने एकमेकींवर ठेवून. व्हिटवर्थचीच युक्ती, फक्त रंगाच्या जागी प्रकाश.

लांबीच्या एककाचा इतिहासही याच वाटेने गेला. मीटर आधी पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दांड्यावर ठरत असे. विटगेनश्टाइनने त्या दांड्याविषयी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट लिहिली: जगातल्या या एकाच वस्तूविषयी ती एक मीटर लांब आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही. तो दांडा मापन करण्याच्या व्यवहारात एक भूमिका बजावत होता, एवढाच त्याचा अर्थ. १९६० मध्ये दांडा जाऊन क्रिप्टॉनच्या प्रकाशाची तरंगलांबी आली, १९८३ मध्ये तीही जाऊन प्रकाशाचा वेग आला. प्रमाणपद कायम राहिले, त्यावर बसणारे बदलत गेले. तराजूवाल्या नैयायिकाला यात काही नवल वाटले नसते.

सपाट आणि गुळगुळीत जितके जास्त तितके चांगले, ही समजूत सीलच्या बाबतीत दोनदा खोटी ठरते. पहिल्यांदा हार्डवेअरमध्ये. सरकणाऱ्या ओ-रिंगखालचा धातू आर-ए ०.१ मायक्रॉनच्याही खाली नेला तर ओ-रिंग तो पुसून कोरडा करते. वंगणाचा थर धरून ठेवायला दऱ्याच उरत नाहीत, रबर धातूला चिकटते, घर्षण वाढते आणि ओ-रिंग लवकर जाते. दुसऱ्यांदा फेसमध्ये. अतिशय सपाट आणि गुळगुळीत अशी दोन कठीण पृष्ठे एकमेकांना धरून बसतात. स्वीडनच्या योहान्सनने १८९६ च्या सुमारास कल्पिलेले गेज ब्लॉक याच धरण्यावर चालतात. दोन ब्लॉक किंचित घासून दाबले की ते वेगळे करायला जोर लावावा लागतो. मोजमापासाठी हे वरदान. बंद पंपाच्या आत दोन फेस असे चिकटले आणि मोटर एकदम सुरू झाली, तर रिंग फिरवणारी पिनच तुटण्याची वेळ येते. पाट्याला टाकी घालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागले नसते.

सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने सत् म्हणजे खरे काय याची व्याख्या ‘अर्थक्रिया’ करू शकणारे अशी केली. जे काही कार्य घडवते ते खरे. फिनिशच्या प्रश्नाला ही व्याख्या जितकी चपखल बसते तितकी दुसरी कोणती बसत नाही. प्लेटोच्या पद्धतीने आदर्श समतल कुठेतरी वर आहे आणि सगळे धातू त्याच्या कमी-अधिक वाईट नकला आहेत असे मानले, तर ०.८ हा आकडा म्हणजे आदर्शापासूनचे अंतर ठरतो आणि मग ०.१ हा नेहमीच त्याहून चांगला ठरायला हवा. तो ठरत नाही. म्हणजे आकडा आदर्शापासूनचे अंतर मोजत नसून कामाशी असलेला मेळ मोजतो, हेच म्हणावे लागते. मात्र काम बदलले की सत्यही बदलते असा सैल अर्थ कोणी काढू नये. ओ-रिंग, दाब, वेग आणि द्रव ठरले, की कोणता फिनिश चालेल आणि कोणता नाही हे कोणाच्या मतावर राहत नाही.

सील गळत नाही, या विधानालाही हीच कसोटी लावावी लागते. फेस एकमेकांना कोरडे टेकले तर काही वेळातच तापून फुटतील. त्यांच्यामध्ये द्रवाचा पातळ पडदा असावाच लागतो, आणि पडदा आहे म्हणजे थोडा द्रव बाहेर जाणारच. तो बाहेर येईपर्यंत बहुतेक वेळा वाफ झालेला असतो, म्हणून दिसत नाही. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये वंगणाच्या पडद्याचे गणित मांडले. त्यावरून निघते की फटीतून जाणारा प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट तर गळती आठपट. दोन-तीन बँडचा हट्ट या घनासाठी आहे. ज्याला ‘न गळणारे’ म्हणतात ते सील फक्त मोजून गळत असते.

काळ या सगळ्यावर आपला हात फिरवतो. पंपाच्या थरथरीने ओ-रिंग किंवा टेफ्लॉनची वेज स्लीव्हवर एकाच जागी अगदी किंचित पुढेमागे होत राहते. स्टेनलेस स्टीलवर जो संरक्षक ऑक्साइडचा पातळ थर असतो तो घासून जातो, पुन्हा तयार होतो, पुन्हा जातो आणि काही महिन्यांत तिथे एक चकचकीत खाच पडते. याला फ्रेटिंग म्हणतात. खाचेचा तळ मोजला तर तो आजूबाजूपेक्षा गुळगुळीतही निघू शकतो. आर-एच्या भाषेत तो सुधारलेला असतो, आणि सील तिथूनच गळत असते. महागडा शाफ्ट वाचवून स्वस्त स्लीव्ह झिजू द्यायचा, ही पद्धत यासाठीच पडली.

फेसही पहिल्या दिवसासारखे राहत नाहीत. मऊ कार्बन कठीण जोडीदाराच्या आकाराशी जुळवून घेत झिजतो. त्याच्यावर बारीक गोल खाचा पडतात, समोरच्यावर त्यांना जुळणाऱ्या कडा तयार होतात. दोघे मिळून वर्षानुवर्षे न गळता चालतात, आणि कोणत्याही तिसऱ्या रिंगसमोर धरले तर दोघेही वाकडे निघतात. व्हिटवर्थच्या पहिल्या दोन थाळ्यांची हीच अवस्था होती. पंप दुसऱ्याच कारणासाठी उघडला आणि सील ‘चांगले’ दिसले म्हणून तसेच परत बसवले, तर खाचा आधीच्या जागी बसत नाहीत आणि काल न गळणारे सील आज गळू लागते. म्हणून उघडलेले सील पुन्हा वापरायचे असेल तर दोन्ही रिंगा लॅपिंगला पाठवतात, त्यांचे बँड नव्याने मोजतात आणि ओ-रिंगा टाकून नव्या घालतात.